काथ्याच्या चटया, खुरपे आणि जास्वंदीखालचे तण

तण उगवू नये म्हणून झाडाच्या बुंध्याशी घालायच्या काथ्याच्या गोल चटया मी फोंड्याच्या बाजारातून आणल्या, त्याला आता दोन पावसाळे झाले. दीड फूट व्यासाची एक चटई १४० रुपयांना, अशा चौदा घेतल्या. मधे भोक आणि भोकापासून कडेपर्यंत एक चीर. त्यामुळे वाढलेल्या झाडालाही ती खांद्यावर उपरणे टाकावे तशी घालता येते. पुरत्या वापरल्याशिवाय काही लिहायचे नाही असे ठरवले होते, म्हणून इतके दिवस थांबले.

माझे घर गोव्यात, म्हार्दोळला. अंगणात तांबडी गावठी जास्वंद, अनंत, दोन तगरी, चार एक्झोरा, कुंपणाला जाई आणि विहिरीकडच्या अंगाला अबोलीचा वाफा. यातली निम्मी फुले देवाला, उरलेली माझ्या नि शेजारणींच्या केसांत. भाजी आपण धुऊन घेतो, फुले धूत नाही. सकाळी तोडली की थेट परडीत. म्हणून झाडाच्या मुळाशी काय पडते याची मला काळजी असते.

तरीही एकदा चुकले. बागकाम करून देणाऱ्या एकांना तण काढायला बोलावले. माझी अपेक्षा होती खुरपणीची, तर मुलगा आला पाठीवर पंप घेऊन. पंपात ग्लायफोसेट हे तणनाशक होते. दुपारचा वारा सुटलेला, फवारा जास्वंदीच्या खालच्या फांद्यांवर गेला. पंधरा दिवसांत गवत पिवळे पडले, मला बरेही वाटले. पण महिन्याभराने जास्वंदीला जी नवी पालवी आली ती पाहून पोटात गोळाच आला. पाने हाताच्या करंगळीपेक्षा अरुंद, फिकट, झुबक्याने आलेली. कळ्या धरेनात. दोन फांद्या शेवटी कापाव्या लागल्या.

नंतर नीट वाचले तेव्हा कळले. हे औषध हिरव्या पानातून, कोवळ्या हिरव्या सालीतूनसुद्धा आत शिरते आणि रसाबरोबर मुळांपर्यंत नि वाढत्या शेंड्यांपर्यंत पोचते. तण कुठले नि जास्वंद कुठली, हे त्याला ठाऊक नसते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता, म्हणजे कीडनियंत्रणाचा धंदा करणाऱ्यांपुरता ठेवला, तेही मला तेव्हा माहीत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले आहे. अमेरिकेचे पर्यावरण खाते तसे मानत नाही. हा वाद तज्ज्ञांचा. माझ्या अंगणात विहीर आहे आणि कोंबड्या तणात चरतात, मला एवढे कारण पुरते.

शेजारच्या वहिनींनी मीठ आणि व्हिनेगरचा उपाय सांगितला होता. तो करू नका. व्हिनेगरने वरची पाने करपतात, मुळे जिवंत राहतात, आणि मीठ मातीत राहून झाडालाच छळते. त्यांच्याकडच्या एक्झोराच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या, त्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

चटया घेताना दुकानदार एकच वाक्य बोलला, "बाय, पावसाआदीं घाल, मागीर कांय उपकारचें ना." म्हणजे पावसाआधी घाल, नंतर काही उपयोग नाही. ते खरे निघाले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जमीन कोरडी असताना घातल्या, तिथे जूनमध्ये तण जवळजवळ उगवलेच नाही. पुष्कळशा तणांचे बारीक बी उजेड मिळाला तरच रुजते, आणि चटईखाली उजेड नाही. दोन झाडांना जुलैत घातल्या, तिथे चटईच्या कडेने लाजाळू बाहेर पडून काट्यांसकट पसरली.

पण चटई घालण्याआधी जे करावे लागते तेच खरे काम, आणि दुकानात ते कोणी सांगत नाही. लव्हाळा. आपल्या तांबड्या मातीत याच्याइतके चिवट दुसरे काही नाही. दांडा बोटांत धरून फिरवा, तीन कडा लागतात, तीच ओळख. वरून उपटला की दांडा हातात येतो आणि खाली काळ्या मण्यांसारखे कंद राहतात, एकाला एक दोऱ्याने ओवलेले. एक मणी राहिला की त्यातून पुन्हा कोंब, आणि माळ तुटली की निजलेले मणीसुद्धा जागे होतात. त्याचा कोंब इतका टोकदार की काळे प्लॅस्टिकही भेदून वर येतो, मग काथ्याची काय कथा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले अरुंद पात्याचे खुरपे त्यासाठी कामाला आले. बुंध्यापासून वीतभर सोडून, माती हलकेच सैल करायची, मग बोटांनी चाचपत माळच्या माळ ओढून काढायची. एका जास्वंदीखालून मी अर्धा वाडगा कंद काढले. धुऊन एक नखाने सोलला तर दिवाळीच्या उटण्याचा वास. साहजिकच, उटण्यातला नागरमोथा तो हाच. आई परसातला लव्हाळा खणून कंद वाळवायची, ते आठवून मी पायरीवर बराच वेळ बसून होते.

कुदळ किंवा पिकास मात्र लावू नका. जास्वंदीची नि एक्झोराची अन्न घेणारी मुळे अगदी वरच्या थरात असतात, ती तुटली की झाड सुकते. शिवाय खोल खणले की खाली दडलेले तणाचे बी वर येते आणि दुप्पट तण उगवते. जमीन खणून चटई घातली आणि तण आले अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी हे आधी तपासावे.

आता दोष. चटईचे भोक कंपनीने फारच लहान ठेवले आहे, बुंध्याला टेकते. आमच्या पावसात ओला काथ्या सालीला चिकटून राहिला की साल कुजायला लागते. एका अनंताच्या बुंध्याशी काळपट ओल दिसली तेव्हा मी सगळ्या चटयांची भोके कात्रीने चार बोटे मोठी केली. दुसरे म्हणजे गोगलगायी. पावसात त्या चटईखाली जमतात आणि रात्री कोवळी पाने खातात. सकाळी एकदा कड उचलून गोळा कराव्या लागतात. हातमोजे घालून, कारण तिथे गोमही सापडते. तिसरे, डिसेंबरनंतर कोरड्या दिवसांत वाळवी. दोन चटयांच्या पोटाला मातीच्या नळ्या दिसल्या, त्या मी उन्हात दोन दिवस उलट्या टाकल्या.

टिकाऊपणाबद्दल मी समाधानी आहे. काथ्या लवकर कुजत नाही. दोन पावसाळ्यांनंतर चौदापैकी अकरा अजून धड आहेत, तीन कडेला विस्कटल्या, त्या तशाच मातीत जिरू दिल्या. मार्च-एप्रिलमध्ये याचा मला न मागता मिळालेला फायदा असा की पाणी दिवसाआड दिले तरी पुरते. आणि माझी जास्वंद गेल्या श्रावणात पुन्हा रोज सात-आठ फुले देऊ लागली.

अबोलीच्या वाफ्यात मात्र या चटया निरुपयोगी. रोपे जवळजवळ, चटई बसतच नाही. तिथे मी फणसाचा नि आंब्याचा पाचोळा दोन-तीन इंच पसरते, बुंधे मोकळे ठेवून. पैसे लागत नाहीत, फक्त दर महिन्याला भर घालावी लागते. पायवाटेच्या चिऱ्यांच्या फटीत जे उगवते त्यावर उकळते पाणी ओतते, झाडांच्या मुळांपासून चांगले दूर. टायकिळा उगवला तर कोवळा असतानाच खुडून भाजीला घेते, आठळ्या घालून. निबर झाला नि शेंगा धरल्या की पुढच्या वर्षीचे तण आपणच पेरले समजा.

घ्यायच्या असतील तर झाडाचा घेर मोजून घ्या. दीड फुटी चटई जुन्या जास्वंदीला अपुरी पडते, मी पुढच्या मे महिन्यात तिच्यासाठी दोन फुटी घेणार आहे. आणि दुकानात उघडून पाहा. रबराचा लेप जाड असलेली चटई घेऊ नका, तिच्यावरून पाणी घरंगळून बाजूला जाते. माझ्यातली एक तशी निघाली होती, ती त्यांनी बिल न मागता बदलून दिली.