लोणावळ्याची तळी पायी: भुशीकडे की तुंगार्लीकडे?

पुण्याहून सकाळच्या लोकलने लोणावळ्याला उतरायचं आणि दुपारच्या गाडीने परतायचं. मधल्या चार-पाच तासांत तळी पाहत चालायचं असेल तर स्टेशनाबाहेर दोन वाटा आहेत: दक्षिणेला लोणावळा तलाव आणि भुशी, उत्तरेला तुंगार्ली आणि वलवण. चारही एका दमात करू म्हणणारे शेवटी रिक्षात बसतात.

भुशीची वाट जाऊन-येऊन बाराएक किलोमीटर, सगळी डांबरी. चढ असा नाहीच, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्या काकूंनाही झेपते, आणि कंटाळा आला तर परतीला रिक्षा मिळते. वाटेतला लोणावळा तलाव पावसाळ्यात काठोकाठ असतो, पण उन्हाळ्यात इतका आटतो की हेच ते तळं का, असं वाटावं. भुशीचं धरण मुळात रेल्वेचं, वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला बांधलेलं. इंजिनं गेली, सांडव्याच्या पायऱ्या राहिल्या, आणि आता त्या पायऱ्यांवर वाहत्या पाण्यात बसायलाच सगळे येतात. जुलैतल्या रविवारी हा रस्ता चालण्याचा उरत नाही. गाड्यांच्या रांगेला अंग चोरत जायचं, हॉर्न ऐकायचे, कणसाचा धूर खायचा. तोच रस्ता मंगळवारी सकाळी सातला ओला, मोकळा आणि देखणा असतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो: भुशीच्या मागच्या अंगाला, धबधब्याकडे वर चढू नका. ३० जून २०२४ ला तिथे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. डोंगरावर पाऊस वाढला की ओढा बघता बघता फुगतो, मागे फिरायलाही वेळ मिळत नाही.

तुंगार्लीची वाट याच्या उलट. अंतर कमी, आठेक किलोमीटर, पण सुरुवातीलाच दम काढणारा चढ. वर आलं की बंगल्यांची गर्दी मागे पडते आणि डोंगराच्या कुशीतलं तुंगार्लीचं पाणी समोर येतं. हे लोणावळ्याला पिण्याचं पाणी देणारं तळं, तेव्हा त्यात उतरायचा विषय नाही. काठावरून गाव आणि वलवणचा पसारा खाली दिसतो. पुढे हीच वाट राजमाचीकडे जाते. मोह होतो, पण राजमाची अर्ध्या दिवसाचं काम नाही.

उतरताना वलवण. धरण टाटांच्या जलविद्युत योजनेतलं, त्यामुळे भिंतीवर जायला मिळेलच असं धरून चालू नका. काठाकाठाने पूर्ण प्रदक्षिणाही होत नाही, जमेल तिथून पाणी पाहायचं. मला मात्र या पाण्याची गोष्ट फार आवडते. सह्याद्रीच्या पूर्वेला पडलेला हा पाऊस खरं तर इंद्रायणीतून भीमेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जायचा. पण १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजकेंद्राने लोणावळा, वलवण, शिरोता या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवलं, आणि ते पाताळगंगेतून अरबी समुद्राला जाऊ लागलं. हे डोक्यात ठेवून पाहिलं की नुसता पाणीसाठा वाटत नाही.

मग जायचं कुठे? माझ्या मते प्रश्न तळ्याचा कमी, महिन्याचा जास्त आहे. भर पावसात तुंगार्लीला धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही, निम्मी मजा तिथेच गेली. तेव्हा भुशीच बरं, आठवड्यातल्या मधल्या दिवशी आणि लवकर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र तुंगार्ली निर्विवाद: तळी भरलेली, हवा स्वच्छ, गवत नुकतं पिवळं पडू लागलेलं. मार्चनंतर भुशीला जाऊन काय पाहणार, देव जाणे. मे महिन्यात दोन्हीकडे नको.

घरात दोन मतं पडली तर, सोबत लहान मूल किंवा वयस्क असेल तर भुशी, नसेल तर तुंगार्ली. तुंगार्ली आधी आणि वलवण नंतर हा क्रम तेवढा मोडू नका. चढाला सावली फारशी नाही आणि दहानंतर ऊन पाठीवर येतं. पाण्याची बाटली स्टेशनाजवळच भरून घ्या.