करवंदाचे रोप : कुंपण उत्तम, पण काळी मैना नव्हे

तीन वर्षांपूर्वी नागपुरातील एका रोपवाटिकेतून मी 120 रुपयांना एक, अशी करवंदाची चार रोपे आणली. ‘डोंगरची काळी मैना आहे’ असे तेथे छातीठोकपणे सांगण्यात आले होते. यंदा पावसाळ्यात पहिली फळे धरली आणि ती पांढरी-गुलाबी, बोराएवढी व चांगलीच आंबट निघाली. सह्याद्रीत मे महिन्यात पिकणारे, बाहेरून जांभळट काळे आणि आतून लालसर असे ते रानफळ हे नव्हते. बाजारात ‘करोंदा’ म्हणून मिळणारा, पाकात मुरवून व रंगवून केकवर चेरी म्हणून बसवला जाणारा लागवडीचा वाण होता. तक्रार केली तेव्हा ‘करवंद ते करवंदच’ एवढेच उत्तर मिळाले.

झाडाबद्दल मात्र तक्रार नाही. पारा 45 अंशांवर गेला तरी आठवड्यातून एकदाच दिलेल्या पाण्यावर ते हिरवेगार राहिले. आमच्या काळ्या मातीत पाणी साचते म्हणून मी मुरूम घालून उंचवटा केला होता, तो उपयोगी पडला. फुले चांदणीसारखी पांढरी, सुवासिक आहेत आणि जोडीने येणाऱ्या टणक काट्यांमुळे गाईगुरे कुंपणाकडे फिरकत नाहीत.

कच्चे फळ तोडताच देठातून पांढरा चीक गळतो व बोटे चिकटतात, म्हणून आधी हाताला तेल लावावे. फळांत पेक्टिन भरपूर असल्याने मुरंबा लवकर आळतो. हिरव्या मिरच्यांसोबतचे लोणचे त्याहून सरस झाले.

कुंपणासाठी रोपे जरूर घ्यावीत. रानकरवंद हवे असल्यास फळ धरलेले झाड दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.