व्हॅशॉनला घर, सिॲटलला नोकरी: छोटी बोट की मोठी फेरी?

सिॲटलसमोरच्या व्हॅशॉन बेटावर घर बघताय? मग आधी ऑफिस कुठे आहे ते सांगा. बेटाला पूल नाही. शहराकडे जायला एक तर किंग काउंटीची वॉटर टॅक्सी, तीत फक्त माणसं आणि सायकली; नाहीतर वॉशिंग्टन राज्याची गाड्या वाहणारी फेरी.

‘टॅक्सी’ या नावावर जाऊ नका. या मार्गावरची ‘सॅली फॉक्स’ ही 278 उतारूंची कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट आहे. प्रवासी बोटीसाठी झटलेल्या बेटावरच्याच एका बाईंचं नाव तिला दिलंय. 22 मिनिटांत ती पियर 50 ला, म्हणजे थेट डाउनटाउनमध्ये सोडते. ओहोटीमुळे उरणजवळच्या मोरा बंदराची लाँच अडलेली ज्यांनी पाहिलीय, त्यांना हेवाच वाटेल.

मोठी फेरीही फॉन्टलरॉयला साधारण 20 मिनिटांतच पोचते. पण फॉन्टलरॉय पडतं वेस्ट सिॲटलला. पुढे डाउनटाउनपर्यंत सी लाइन बसचा प्रवास उरतोच. गाडी न्यायची तर धक्का लहान, त्यामुळे गर्दीच्या वेळी रांग रस्त्यावर येते. शिवाय गेली काही वर्षं बोटी आणि खलाशी दोन्ही कमी पडतात, वेळापत्रक कोलमडतं. मी तरी रोज गाडी नेणार नाही.

वॉटर टॅक्सीची खोट एकच, पण मोठी: शनिवार-रविवार ती नसते आणि रात्रीही नसते. ऑफिसात मीटिंग लांबली की शेवटची बोट गेलीच. अशा वेळी सी लाइन पकडायची आणि फॉन्टलरॉयहून मोठ्या फेरीत पायी चढायचं. दोन्ही बोटी बेटाच्या उत्तर टोकाच्या धक्क्यालाच लागतात, त्यामुळे सकाळी तिथे लावलेली गाडी कुठल्याही बोटीने आलात तरी हाताशी असते. फेरीत पायी जाणाऱ्याला तिकीट फक्त बेटाकडे येताना पडतं, हेही लक्षात ठेवा.

म्हणून डाउनटाउनला नोकरी आणि ठरलेली वेळ असेल, तर डोळे मिटून छोटी बोट. टॅकोमाला नोकरी असेल तर या दोन्ही सोडा, दक्षिण टोकाच्या टाह्लेक्वाहून 15 मिनिटांची वेगळी फेरी आहे. आणि आपल्यातले बरेच जण जातात तसं रोज मायक्रोसॉफ्टच्या, सिॲटलच्याही पलीकडच्या रेडमंडला जायचं असेल, तर घरच दुसरीकडे बघा.

एजंट घर दाखवायला शनिवारी बोलावेल. त्याऐवजी मंगळवारी ऑफिस सुटल्यावर पियर 50 वरून जा.