डीपीएफवाली डिझेल, ६४ हजार किलोमीटर आणि एक वीतभर नळी

गाडी २०२१ची, बीएस-६ डिझेल, मॅन्युअल. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. मायलेज, सीट, एसी यांवर लिहीत नाही, तक्रारीला जागा नाही. मध्यंतरी काही महिने पिकअपने जो छळ मांडला, तेवढंच लिहायचंय.

पहिला झटका खंबाटकी घाटात बसला. पाच माणसं, डिकीत लग्नाचं सामान, साताऱ्याला निघालो होतो. अर्ध्या चढावर चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडीने ओढच सोडली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ३,००० च्या वर जाईना. दुसऱ्या गिअरमध्ये कडेकडेने वर चढलो. भरलेले ट्रक हॉर्न मारत पुढे निघून जात होते आणि मागे आई एक शब्द बोलत नव्हती.

सर्व्हिस सेंटरचं निदान दहा मिनिटांत तयार. "सर, डीपीएफ चोक आहे. तुमचं रनिंग सगळं सिटीत." फोर्स रीजनरेशन केलं, म्हणजे मुद्दाम काजळी जाळून फिल्टर मोकळा केला, बिल ४,२००. पाच आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा ४,२००. तिसऱ्या वेळी एस्टिमेट हातात आलं: फिल्टर बदलणे, १ लाख १८ हजार. वॉरंटी संपून पाच महिने झाले होते.

मला ते पटलंही होतं, कारण माझं रोजचं ऑफिस सहा किलोमीटरवर. फिल्टरमधली काजळी जाळायला साधारण ६०० अंशांची उष्णता लागते आणि त्यासाठी इंजिन जादा डिझेल मारतं. मध्येच गाडी बंद केली की काजळी तशीच राहते आणि थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. माझ्या डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं होतं. म्हणून दर रविवारी चाळीस मिनिटं हायवेला गाडी पळवायला लागलो. फरक शून्य. "शहरात राहणाऱ्यांनी डिझेल घेऊच नका" असं लिहायला तेव्हा बसलो होतो, अर्धं लिहूनही झालं होतं.

ते खोडलं, कारण मधल्या काळात धायरीतल्या एका गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी फिल्टरला हातही लावला नाही. स्कॅनर जोडला, इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली आणि फिल्टरच्या प्रेशर सेन्सरचा आकडा बघितला. शून्य. म्हणजे सेन्सर शुद्धीवर आहे. मग इंजिन चालू करून ३,००० पर्यंत रेस केलं. आकडा दोन किलोपास्कलवर घुटमळला. काका म्हणाले, "फिल्टर एवढा तुंबलाय तर आकडा चढायला नको का? गाडी गुदमरतेय आणि सेन्सर म्हणतोय सगळं मोकळं. कुणीतरी खोटं बोलतंय."

या सेन्सरला दोन नळ्या असतात, एक फिल्टरच्या आधीचा दाब आणते, दुसरी नंतरचा. त्या दोन दाबांतल्या फरकावरून कॉम्प्युटर काजळीचा अंदाज घेतो. काकांनी आधीची नळी अंगठ्याने वाकवली, तेव्हा स्टीलच्या पाइपला जिथे क्लिप बसते तिथे खालच्या अंगाला नखाएवढी चीर उघडली. सरळ सोडली की मिटायची. शेजारच्या पत्र्यावर पंख्याच्या आकाराचा काळा डाग उमटला होता. महिनोन् महिने धूर तिथूनच फुंकला जात होता आणि तीन वेळा रॅम्पवर चढलेल्या गाडीखाली तो एकालाही दिसला नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे. दाब चिरेतून निसटला, कॉम्प्युटरला सेन्सरच्या आकड्याचा मेळ लागेना, त्याने फॉल्ट नोंदवून रीजनरेशन थांबवलं. मग काजळी साठतच गेली.

म्हणजे फिल्टर खरंच तुंबला होता, सर्व्हिस सेंटर तेवढ्यापुरतं बरोबर होतं. तो का तुंबला, हे मात्र कुणी विचारलं नाही. नवी नळी बसवल्यावर त्याच ३,००० ला आकडा १४ दिसला. फोर्स रीजनरेशननंतर चारवर आला. नळी ६८०, रीजनरेशन १,५००, वर लो-ॲश ऑइल आणि ऑइल फिल्टर. ऑइल त्याच ग्रेडचं हवं, कारण काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

आता सहा महिने, ९,००० किलोमीटर झाले. दिवा लागलेला नाही. मागच्या महिन्यात तोच घाट, तेवढीच माणसं, तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. आईने माथ्यावर आल्यावर विचारलं, "नवीन इंजिन टाकलंस का रे?"

डिझेलबद्दलचं मत बदललंय, पण पूर्ण नाही. रोज सहाच किलोमीटर असतील तर आजही पेट्रोलच घ्या म्हणेन. माझी रविवारची फेरी चालूच आहे, फक्त आता ती उपयोगी पडते. तुम्हाला फिल्टर बदलायचं एस्टिमेट मिळालं असेल तर सही करण्याआधी तिथेच उभं राहून दोन आकडे दाखवायला सांगा, चावी फिरवून एक आणि रेस करून एक. मग नळ्या हाताने वाकवून बघायला लावा. इंजिन गार असताना, नाहीतर हात भाजेल.

दुसऱ्या रीजनरेशनचे ४,२०० परत मागितले आहेत. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. जुनी नळी पिशवीत घालून ठेवली आहे, पुढच्या सर्व्हिसला बरोबर नेणार आहे.