सी-व्हिजिल : बॅनरला पुरून उरतं, पाकिटापुढे हात टेकतं

निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल हे ॲप जुलै 2018 मध्ये आलं. आचारसंहितेचा भंग दिसला की जागेवरच फोटो काढा, पाठवा, शंभर मिनिटांत काय झालं ते कळवू, असा त्याचा वायदा. विनापरवाना बॅनर उतरवण्याच्या कामात ते खरंच चोख आहे. इतक्या वेगाने हलणारी सरकारी यंत्रणा एरवी बघायला मिळत नाही. पण आपल्याकडे ज्याला लाजतकाजत ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतात, ते पकडायला याचा उपयोग किती? ॲपच्या खोडी माहीत असतील तर थोडाफार. नसतील तर तक्रार ‘निकाली’ निघते आणि पाकिटं घरोघरी पोचलेली असतात.

आधी रचना बघू. मोबाइल नंबर, ओटीपी, नाव, पत्ता, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ एवढी माहिती एकदाच भरायची. हे काम ऐनवेळी करू नका. समोर टेम्पोतून कुकर उतरत असताना पिनकोड टाइप करत बसण्यात अर्थ नाही. लोकेशन, कॅमेरा आणि माईक या तिन्ही परवानग्या आधीच देऊन ठेवा. लोकेशन बंद असेल तर तक्रार पुढे सरकतच नाही. मग फोटो, ऑडिओ किंवा जास्तीत जास्त दोन मिनिटांचा व्हिडिओ ॲपच्या आतूनच घ्यायचा, यादीतून प्रकार निवडायचा (पैसे वाटप, भेटवस्तू किंवा कुपन, दारू, विनापरवाना बॅनर, वाहनांचा ताफा, मतदानाच्या दिवशी मतदारांची ने-आण वगैरे), दोन ओळी लिहायच्या आणि पाठवायचं. टिपल्यापासून पाठवेपर्यंत पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात पाठवलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

गॅलरीतला जुना फोटो ॲप घेत नाही. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला व्हिडिओही चालत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर पाच वर्षांपूर्वीचे व्हिडिओ परराज्यातून येऊन इथल्या उमेदवाराच्या डोक्यावर बसले असते. पण याच नियमाची दुसरी बाजू अशी की ॲपमधून टिपलेलं दृश्य तुमच्या फोनच्या गॅलरीतही उतरत नाही. एकदा पाठवलं की तुमच्याकडे काहीच उरत नाही. त्यामुळे शक्य असेल तर दोन फोन असू द्या: एकावर ॲप, दुसऱ्यावर साधा कॅमेरा.

शंभर मिनिटांचा हिशोब असा लागतो. पहिल्या पाच मिनिटांत जिल्हा नियंत्रण कक्ष तक्रार भरारी पथकाकडे देतो. पथकाने पंधरा मिनिटांत जागेवर पोचायचं. त्यांच्याकडे वेगळं ॲप असतं, ते नकाशावर थेट त्या ठिकाणी नेतं. पुढची तीस मिनिटं चौकशी आणि अहवालाची. उरलेल्या पन्नास मिनिटांत निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो: तक्रार खरी, खोटी की वरच्या पातळीवर पाठवायची. नाव देऊन तक्रार केली असेल तर काय झालं ते तुम्हाला कळतं. निनावी तक्रारही करता येते, पण मग पुढचा मागोवा घेता येत नाही. छोट्या गावात निनावीच बरी. शहरात, विशेषतः बॅनरबाबत, नाव द्यायला हरकत नसावी.

आता बॅनर बघा आणि पाकीट बघा. बॅनर चौकात बांबूला बांधलेला असतो. पथक पंधरा मिनिटांनी आलं काय किंवा पन्नास मिनिटांनी, तो तिथेच असतो. पाकीट दहा सेकंदांत हातातून हातात जातं आणि दार लागतं. ॲप दोघांनाही एकच घड्याळ लावतं. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 29 मार्चपर्यंत आलेल्या तक्रारींची आकडेवारी आयोगानेच दिली होती. एकूण 79 हजारांहून जास्त तक्रारी, त्यातल्या 58,500 च्या वर म्हणजे 73 टक्के विनापरवाना होर्डिंग-बॅनरच्या. पैसे, भेटवस्तू आणि दारू या तिन्हींच्या मिळून 1,400 च्या आसपास. शंभरातल्या दोनसुद्धा नाहीत. ‘99 टक्के तक्रारी निकाली, 89 टक्के शंभर मिनिटांच्या आत’ हा जो आकडा मिरवला जातो, तो मुख्यतः बांबू सोडण्याचा वेग आहे. शिवाय ‘निकाली’ म्हणजे कुणी सापडलं असं नव्हे. पथक गेलं, काही दिसलं नाही, अहवाल दिला, हेही निकालीच.

वाटप कसं होतं हे माहीत असेल तर ॲप कुठे कमी पडतं ते लगेच उमगतं. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जाहीर प्रचार थांबतो आणि खरं काम सुरू होतं. कार्यकर्त्याकडे मतदारयादीची पानं असतात, नावांपुढे खुणा: आपलं, त्यांचं, कुंपणावरचं. एका माणसाकडे एक विंग किंवा एक आळी. रोकड एकत्र फिरत नाही; एका वेळी चार-पाच घरांपुरतीच खिशात, बाकी एखाद्या दुकानात किंवा नातेवाइकाकडे. देणारा आणि घेणारा ओळखीचे, बहुतेकदा शेजारीच. अशा वेळी मोबाइल वर धरून व्हिडिओ कोण काढणार? काढलाच तरी दिसतो एक हात आणि एक लिफाफा. लिफाफ्यात लग्नाची पत्रिकाही असू शकते.

म्हणून हस्तांतराच्या मागे धावू नका. जे पंधरा मिनिटं तरी जागेवर राहतं ते टिपा. साड्या किंवा भांडी उतरवणारं वाहन, नंबरप्लेट दिसेल असं. गोदामाचा किंवा कार्यालयाचा दरवाजा आणि बाहेरची रांग. ढाब्यावर बिल न देता उठणारी पंगत, आणि त्याच चौकटीत ढाब्याची पाटी. कुपन किंवा टोकन हाती लागलं तर त्याच्या दोन्ही बाजू, शिक्का, क्रमांक आणि ते ज्या दुकानात वटतं तिथला फलक. टोकनाला हलक्यात घेऊ नका. 2017 मध्ये चेन्नईच्या आर. के. नगर पोटनिवडणुकीत वीस रुपयांच्या नोटा टोकन म्हणून दिल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या: आज वीसची नोट, निकालानंतर तिच्या बदल्यात मोठी रक्कम. अशा नोटेचा नुसता फोटो बघून पथकाला काय कळणार? सोबत दोन ओळी लिहिलेल्या हव्यातच.

वर्णनाचा रकाना रिकामा सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जीपीएस इमारत दाखवतं, मजला दाखवत नाही. चाळीत, झोपडपट्टीत, दाटीच्या गल्लीत तर पुढची-मागची गल्लीही चुकते. ‘पैसे वाटत आहेत’ एवढंच लिहिलं तर पथक गेटवर येतं, वॉचमनला विचारतं आणि परत जातं. त्याऐवजी असं लिहा: ‘बी विंग, तिसरा मजला, जिन्यासमोरची खोली, हिरवा दरवाजा, पांढरी ॲक्टिव्हा, दोघे, पिशवी काळी.’ एवढं असलं की पथकाला नेमकं कुठे जायचं ते कळतं.

दारूच्या बाबतीत एक गोची लक्षात ठेवा. निवडणूक जाहीर झालेल्या हद्दीतच ॲप चालतं. नोव्हेंबर 2024 मध्ये महाराष्ट्रात विधानसभेची आचारसंहिता होती, गोव्यात नव्हती. दारू घेऊन सिंधुदुर्गाकडे येणारी गाडी सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे, म्हणजे गोव्याच्या बाजूला, टिपली तर ॲपला तिचं काहीच करता येत नाही. ती सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या हद्दीत यायला हवी. ॲप बंद असेल, रेंज नसेल किंवा पुरावा जुना असेल तर 1950 वर फोन करा, नाहीतर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या. सी-व्हिजिल तिथे लागू नाही. पाकिटांचा दर खरा फुटतो तो याच निवडणुकांत, तेव्हा ही उणीव लहान नव्हे. आणि यूपीआयने आलेल्या पैशाचा फोटो कसा काढणार, याला ॲपकडे उत्तर नाही.

पथकाने रोकड पकडली तर पुढे काय? उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा कार्यकर्ता यांच्या गाडीत 50 हजारांपेक्षा जास्त रोकड किंवा 10 हजारांपेक्षा जास्त किमतीच्या भेटवस्तू सापडल्या तर जप्ती होते. रक्कम 10 लाखांच्या वर असेल तर आयकर विभागाला कळवतात. यात व्यापारी, शेतकरी, लग्नघरचे लोकही अडकतात. त्यांनी बँकेतून पैसे काढल्याची पावती, बाजार समितीची पट्टी, लग्नपत्रिका असलं काहीतरी जवळ ठेवावं. तरी जप्ती झालीच तर जिल्ह्यात त्रिसदस्य समिती असते: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, खर्च निरीक्षणाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. निवडणुकीशी संबंध नाही असं दिसलं की रक्कम परत मिळते. या समितीचा पत्ता जप्तीच्या कागदावरच असायला हवा. नसेल तर मागून घ्या.

गुन्हा मात्र हलका आहे, आणि दोष ॲपचा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 मध्ये निवडणुकीतली लाच येते, देणारा आणि घेणारा दोघेही दोषी. कलम 173 प्रमाणे शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुसतं खाऊपिऊ घातलं असेल तर फक्त दंड. गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. घेणाराही दोषी असल्यामुळे ज्याच्या हातात पाकीट पडलं तो पुढे येत नाही, आणि नेमका तोच एकमेव साक्षीदार असतो. 2019 मध्ये वेल्लोरची लोकसभा निवडणूक मतदानाच्या दोन दिवस आधी रद्द झाली, ती आयकर खात्याच्या छाप्यांत 11 कोटींहून जास्त रोकड सापडल्यावर. पैशाचा साठा असा खात्यांच्या माहितीतून सापडतो. नागरिकाच्या मोबाइलला दिसते ती त्याची शेवटची, सगळ्यात बारीक फांदी.

तरीही पैशाच्या बाबतीत या ॲपचा एक उपयोग आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. तो आहे बॅनरमधूनच. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख, लोकसभेला 95 लाख. गोव्यात अनुक्रमे 28 आणि 75 लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. महाराष्ट्रातल्या सरासरी विधानसभा मतदारसंघात सव्वातीन लाखांवर मतदार धरले तर 40 लाख म्हणजे डोई साधारण बारा रुपये. यात गाड्या, मंडप, फ्लेक्स, चहा सगळं. दहातल्या एकालाच पाचशेचं पाकीट द्यायचं म्हटलं तरी दीड कोटीच्या वर जातं. म्हणजे पाकीट हिशोबात कधीच येणार नाही हे उघडच. पण दिसणारा खर्च तरी पूर्ण यावा, यासाठी निवडणूक यंत्रणा प्रत्येक उमेदवाराची वेगळी छाया नोंदवही ठेवते आणि जिल्ह्याच्या ठरलेल्या दरपत्रकाने खुर्ची, गाडी, फ्लेक्स मोजून त्यात लिहिते. तुमचा फोटो तिथपर्यंत पोचला तर तो उमेदवाराच्या खात्यात रुपयांत उतरतो.

त्यासाठी फोटो नीट हवा. संपूर्ण फ्लेक्स एका चौकटीत, आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी विजेचा खांब किंवा माणूस. शक्य असेल तर कोपऱ्यातली बारीक ओळही वाचता यावी, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ नुसार निवडणुकीच्या छापील भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता बंधनकारक आहे. ती ओळच नसेल तर वर्णनात तसं लिहा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

2025 मध्ये आयोगाने आपली चाळीसेक ॲप आणि संकेतस्थळं ईसीआयनेट या एकाच छत्राखाली आणायला घेतली, त्यात सी-व्हिजिलही आलं. एक ॲप कमी झालं हे बरंच. कामाची पद्धत मात्र तीच. सुधारणा हवी ती निकालाच्या शब्दांत: ‘निकाली’ऐवजी ‘बॅनर उतरवला’, ‘जप्ती झाली’, ‘पथक पोचलं तेव्हा काही नव्हतं’ असे तीन वेगळे शेरे दिले तर आकडेवारी आपोआप प्रामाणिक होईल. दुसरं, पैसे आणि दारूच्या तक्रारींना बॅनरच्या रांगेत उभं करू नये.

बॅनरसाठी पाचपैकी साडेचार. वाहनं, ताफे, भेटवस्तूंच्या गोदामांसाठी तीन. रोख पाकिटांसाठी दीड, तोही ‘इथे पथक येऊ शकतं’ या धाकामुळे वाटप थोडं लांबतं म्हणून.

आणि दुसऱ्या फोनवर काढलेले फोटो पुसून टाकू नका. निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. त्याची प्रत पानाला एक रुपया भरून कुणालाही मिळते. फ्लेक्सचं पान काढा आणि तुमच्या चौकातला तो बॅनर त्यात आहे का ते बघा.