एनओसी नव्हती, मग फी गेलीच कशी? आमचे १२,८५,००० रुपये

धनगढीजवळची बाबांची चार कठ्ठे जमीन विकली आणि त्यातले १२,८५,००० नेपाळी रुपये काठमांडूतल्या एका कन्सल्टन्सीच्या घशात घातले. भारतीय हिशेबाने ८,०३,१२५. धाकट्या भावाला बॅचलरसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. तो अजून पुण्यातच आहे आणि मी हे लिहितेय ते त्याला अजिबात पसंत नाही. पण पुण्यात, मुंबईत, गोव्यात आमच्यासारखी किती नेपाळी घरं आहेत! बाप वॉचमन नाहीतर हॉटेलात, पोरं मराठी शाळेत शिकलेली, आणि बारावी झाली की सगळ्यांना सिडनी दिसायला लागते. त्यांच्यासाठी लिहितेय. कन्सल्टन्सीचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे तोवर टाकू नका असं वकिलांनी बजावलंय.

आधी एक सांगते, आम्ही अडाणी नाही. मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासते. (हसा. नातेवाईकांचं हसून झालंय.) आणि ती जागाही काही गल्लीबोळातली नव्हती. पुतलीसडकवर, दर्शनी काच, भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला, व्हिसा लागलेल्या पोरांचे गळ्यात खादा घातलेले फोटो. आमच्या चुलत काकांचा मुलगा तिथूनच गेला आणि खरोखर सिडनीत आहे. मी स्वतः त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलले. याहून जास्त चौकशी कोण करतं? परवान्यावरचं नाव आणि पाटीवरचं नाव एकच आहे का, हे तुमच्यापैकी किती जण बघतात?

आमच्या मुलांची अडचण तिथल्या मुलांपेक्षा वेगळी असते. दहावी-बारावी महाराष्ट्र बोर्डाची, पासपोर्ट नेपाळचा. म्हणून आधी सानोठिमीच्या पाठ्यक्रम विकास केंद्रातून समकक्षता आणायची, म्हणजे इथली बारावी तिथल्या बारावीच्या बरोबरीची असल्याचा दाखला. मग शिक्षण मंत्रालयाची एनओसी, म्हणजे परदेशात शिकायला जाण्यासाठी ना-हरकत दाखला. ती असेल तरच नेपाळी बँक फीसाठी डॉलर देते. मग वॉर्ड कार्यालयातून नाता प्रमाणित (आई-बापाशी नात्याचा दाखला), उत्पन्नाचा दाखला, मालमत्तेचं मूल्यांकन. पैसे दाखवायचे ते निराळेच. ऑस्ट्रेलियाने मे २०२४ पासून नुसत्या वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायला लावलेत, फी आणि तिकीट त्याच्यावर. व्हिसाची फी त्याच वर्षी जुलैत ७१० डॉलरवरून १,६०० झाली. आता सांगा, पुण्यात नोकरी सांभाळून हे सगळं करायचं कुणी? अशा वेळी "दिदी, टेन्सन नलिनुस्", ताई टेन्शन घेऊ नका, म्हणणारा माणूस भेटला की हायसं वाटतं. त्यात कन्सल्टन्सीचा हा माणूस कैलालीचा, म्हणजे धनगढीच्याच जिल्ह्यातला निघाला, आमच्या गावाकडची माणसं ओळखणारा.

प्रोसेसिंगचे म्हणून त्याने पहिले ३५,००० घेतले. महिन्याभरात ऑफर लेटर आलं आणि ते खरं होतं, हे लक्षात ठेवा. कॉलेज खरं, पत्र खरं. ऑफर लेटरला काही लागत नाही हो, मार्कशीट आणि इंग्रजीच्या परीक्षेचे गुण पाठवले की येतं. पण बाबांनी त्याची प्रिंट काढून देवापाशी ठेवली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाने २०२५ साठी नव्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या २,७०,००० वर थांबवणार असं जाहीर केलं. ती बातमी खरी होती, मी स्वतः वाचली होती, आणि म्हणूनच पुढचं सगळं खरं वाटलं. रोज फोन. सीट जाणार, फेब्रुवारीचा इनटेक बंद होणार, दशैंच्या (आमच्या दसऱ्याच्या) आधी फी भरा, नंतर बँकाच उघड्या नसतात. पहिल्या सत्राची फी आणि आरोग्य विमा मिळून ९,८५,०००. कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे म्हणून त्याच्या स्वतःच्या खात्यात. आकडा दहा लाखांच्या आत का ठेवला हे मला पार नंतर कळलं. रोख दहा लाख झाले की बँकेला तो व्यवहार सरकारला कळवावा लागतो.

चार दिवसांनी सीओई आली, म्हणजे फी मिळाली, प्रवेश पक्का, असं कॉलेजचं पत्र. पीडीएफ. कॉलेजचं चिन्ह, भावाचं नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर.

त्या दिवशी समकक्षतेचा अर्ज सानोठिमीला नुसता पडून होता. समकक्षता नाही म्हणजे एनओसी नाही. एनओसी नाही म्हणजे नेपाळातली कुठलीही बँक एक डॉलर बाहेर सोडत नाही. मग फी गेली कशी? हा प्रश्न मला पडला होता. नुसता पडला नाही, मी फोन करून विचारला! दुपारची वेळ होती, मी ऑफिसच्या जिन्यात उभी. तो हसला. म्हणाला, आमचं कॉलेजशी टायअप आहे, आमचे पैसे तिकडेच ऑस्ट्रेलियात असतात, तिथून भरतो, तुमची एनओसी मागाहून जोडू. आणि मी म्हटलं, "बरं सर." जी बाई पेट्रोलच्या दीडशे रुपयांच्या बिलावर पंपाचा शिक्का नाही म्हणून क्लायंटला परत पाठवते, ती नऊ लाखांना "बरं सर" म्हणाली. रात्री झोप लागत नाही ती पैशांमुळे नाही, या दोन शब्दांमुळे. पण त्याचं उत्तर ऐकायला बरोबरच होतं ना? आणि पैसे तर आधीच गेले होते. पैसे गेल्यावर माणूस शंका घेत नाही, शंका गिळतो.

पुढचं पटकन सांगते. बँकेतून शैक्षणिक कर्जाचा कागद "मिळवून" द्यायचे १,२०,०००. आम्ही समजलो खरंच कर्ज मंजूर होतंय. असा खोटा कागद ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला जोडला आणि सापडला तर तीन वर्षं दार बंद होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग व्हिसाच्या फीचे १,४५,०००. त्यानंतर फोन वाजायचा पण उचलला जायचा नाही. शेवटी भावाने कॉलेजच्या वेबसाइटवरून पत्ता काढून मेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं: या नावाची फी आलेली नाही, हा सीओई आमचा नाही. व्हिसाचा अर्जही भरलेलाच नव्हता. एका अर्थी वाचलो, खोटा कागद तिकडे गेला नाही. हे समाधान किती रुपयांचं ते विचारू नका.

आता सरकारी माणसांबद्दल. बाबा आणि मी काठमांडूला गेलो. काचेवर कुलूप. पोलिसांनी पावती बघितली. पावतीवर लिहिलंय "परामर्श सेवा शुल्क". कॉलेज फी असा शब्दच नाही. "यो त लेनदेनको कुरा हो, अदालत जानुस्." म्हणजे हा पैशांच्या देवघेवीचा मामला, कोर्टात जा. मी म्हटलं, खोटी सीओई आहे, ही फसवणूक आहे. म्हणाले, खोटी कशावरून? मेल दाखवला. म्हणाले, मेलची प्रिंट चालत नाही, कॉलेजकडून पत्र आणा. ऑस्ट्रेलियातून! मग एका कचेरीत पाठवलं, तिथला बाबू म्हणे परवाना दुसऱ्या नावावर आहे, त्यामुळे ही संस्था आमच्या दफ्तरी नाहीच. जी दफ्तरी नाही ती भर रस्त्यावर पाटी लावून कशी बसली होती, हे विचारल्यावर चहाला उठून गेला. धंदेवाल्यांची संघटना म्हणाली आमचा सभासद नाही. एकाने तर बाबांना विचारलं, तुम्ही आयुष्यभर भारतात राहिलात, मग तक्रार इकडे कशाला? बाबा तीस वर्षं दुसऱ्यांच्या गेटवर उभे राहिले, आपल्या देशाच्या कचेरीत त्यांना कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही. इथे परत येऊन एका चौकीत गेलो तर, गुन्हा नेपाळात घडला, आमची हद्द नाही. नेपाळ म्हणतं भारतात राहता, भारत म्हणतो नेपाळी आहात. फसवणाऱ्याला मात्र सीमा आडवी आली नाही, तो म्हणे दुबईत आहे.

फी कन्सल्टन्सीच्या हातात देऊ नका. आधी समकक्षता, मग एनओसी, मग स्वतः बँकेत जाऊन कॉलेजच्या खात्यात टीटी करा, म्हणजे बँकेतूनच थेट पैसे पाठवा, आणि ते गेल्याचा पुरावा म्हणून स्विफ्टची प्रत घ्या. हाच क्रम. कुणी उलटा सांगितला की उठून बाहेर पडा, तो कैलालीचा असो नाहीतर तुमच्या सख्ख्या मावशीचा जावई असो. एनओसीचं सरकारी शुल्क आम्हाला दोन हजार सांगितलं होतं, अर्ज ऑनलाइन होतो, पंचवीस हजार मागणाऱ्याला हसून दाखवा. सीओई आली की पीडीएफवर छापलेल्या ईमेलवर विचारू नका, तो ईमेलही फसवणाऱ्याचाच असतो; कॉलेजच्या वेबसाइटवरून पत्ता काढा. कॉलेज सीआरआयसीओएसच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या संस्थांच्या ऑस्ट्रेलियन सरकारी यादीत आहे का बघा, वेळ लागत नाही. व्हिसाचा अर्ज तुमच्या स्वतःच्या इमीअकाउंटमधून (ऑस्ट्रेलियन सरकारच्या व्हिसाच्या ऑनलाइन खात्यातून) भरा, पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. आणि हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: फी खरंच कॉलेजला गेली असेल आणि व्हिसा नाकारला तर कॉलेजला ती परत द्यावी लागते, पाच टक्के किंवा ५०० ऑस्ट्रेलियन डॉलर यातलं जे कमी तेवढंच कापून. "व्हिसा नाकारला तर पैसे बुडाले" असं कुणी म्हणालं तर समजा, ते कॉलेजला गेलेच नव्हते.

२०२४ च्या दशैंआधी पुतलीसडकवर ज्यांनी असे पैसे भरले त्यांनी आज पावती काढून तिच्यावर कोणता शब्द लिहिलाय ते बघा. "सेवा शुल्क" असेल तर बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवा, फोन बदलू नका. आमचे वकील सगळ्यांची मिळून एकच तक्रार घालायला तयार आहेत, आणि एकट्या बाबांच्या कागदाकडे कुणी बघत नाही हे आता सिद्ध झालंय.