फोर्कलिफ्टवर टक्कररोधक सिस्टीम आणि स्पीड कंट्रोल: आठ महिन्यांचा अनुभव

चाकणला आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम आहे. सात फोर्कलिफ्ट, चार डिझेलच्या आणि तीन बॅटरीच्या. काम तीन शिफ्टमध्ये चालतं. स्टोअर आणि डिस्पॅच माझ्याकडे. मागच्या वर्षी आमच्या एका हेल्परच्या पायावरून फोर्कलिफ्टचं मागचं चाक गेलं, दोन बोटं काढावी लागली. गाडी जोरात नव्हती आणि ऑपरेटरही जुना, हात बसलेला माणूस. पण फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. तोंड डावीकडे घेतलं की शेपूट उजवीकडे फिरतं, आणि हा पोरगा नेमका तिथे वाकून पॅलेटला पट्टी मारत होता. त्याच्या घरी जाऊन आलो त्याच आठवड्यात मी सिस्टीमची फाईल वर पाठवली. बसवून आता आठ महिने झाले. ओळखीतले बरेच जण विचारतात, घ्यावी का? म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची सिस्टीम टॅगवर चालते. प्रत्येक माणसाकडे एक टॅग, प्रत्येक गाडीवर एक युनिट. दोघांमध्ये अल्ट्रा वाइडबँड रेडिओ लहरी जातात-येतात आणि त्यांना लागणाऱ्या वेळावरून अंतर निघतं. मोकळ्या जागेत हे अंतर वीतभर इकडे-तिकडे बरोबर येतं. माणूस जवळ आला की गाडीत बझर वाजतो आणि टॅग थरथरतो. दुसरा भाग स्पीड कंट्रोलचा. शेडच्या दारांवर आणि डॉकवर (ट्रक लागतात तिथे) बीकन, म्हणजे सिग्नल देणारी छोटी युनिट लावलीत, त्यांच्या टप्प्यात गाडी आली की ठरवलेल्या वेगाच्या वर जातच नाही. यार्डात ताशी १० किलोमीटर, शेडमध्ये ६, डॉकवर ५.

विक्रेत्याने डेमो दिला तो सगळा बझरचा. आम्हीही त्यालाच भुललो. आज मला विचाराल तर पैसे वेगाच्या भागाचे वसूल झाले.

पहिल्या महिन्यात बझर दिवसभर कोकलत होता. कारण साधं आहे. मध्ये रॅक उभा आहे हे रेडिओला कळत नाही. शेजारच्या गल्लीत कुणी माल मोजत असेल तरी सिस्टीमच्या हिशेबी तो दोन मीटरवर. तिसऱ्या आठवड्यात एका गाडीचा बझर बारीक वाजतोय असं वाटलं, म्हणून चढून बघितलं. बझरच्या भोकांवर खाकी पॅकिंग टेपचे चार-पाच थर, वरून नखाने घट्ट दाबलेले. त्या गाडीवरचे मामा पंधरा वर्षं फोर्कलिफ्ट चालवतात. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "साहेब, हे दिवसभर बोंबलतंय. खरं बोंबलेल तेव्हा आम्हाला कळायचं कसं?"

मेमो द्यायचा विचार मी तिथेच सोडला. मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला बोलावून मामांच्या शेजारी उभं केलं आणि एकेक गल्ली फिरलो. गल्लीच्या आत बझर वाजायचं अंतर कमी केलं, गल्लीच्या तोंडाशी आणि क्रॉसिंगला वाढवलं. हे तीन दिवसांचं काम झालं आणि माझ्या मते पूर्ण खरेदीतले सगळ्यात मोलाचे तीन दिवस तेच. तुम्ही सिस्टीम घेतलीत तर हे फिरणं ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि ऑपरेटरला सोबत घेतल्याशिवाय करू नका.

आता वेगाबद्दल. १० किलोमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, सायकलसुद्धा त्याहून जोरात जाते. पण १० म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. माणूस दिसला, डोक्यात गेलं, पाय ब्रेकवर आला, यात एक सेकंद धरला तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी पावणेतीन मीटर पुढे आलेली असते. ६ वर तेच अंतर पावणेदोन मीटरच्या आत राहतं. त्यात धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६ चे १० केले की मार पावणेतीन पटीच्या वर. तीन टनी डिझेल गाडी रिकामीच चार-साडेचार टनांची असते. माल धरून सात टन पकडा. हे आकडे मी टूलबॉक्स मीटिंगमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, खडूने जमिनीवर आखून दाखवले. पावणेतीन मीटर आणि पावणेदोन मीटर, दोन रेघा. पोरं त्या रेघांवर स्वतः उभी राहून बघत होती.

मात्र स्पीड कंट्रोल म्हणजे ब्रेक नव्हे, हे नीट समजून घ्या. आमच्या डिझेल गाड्यांवर सिस्टीम फक्त ॲक्सिलरेटर आवळते. सपाटीवर गाडी मंदावते, पण भरलेली गाडी रॅम्पवरून उतरत असेल तर ती वजनाने पुढे येतच राहते. ब्रेक ऑपरेटरच्याच पायात. म्हणून माल असताना रॅम्प चढायचा पुढे तोंड करून आणि उतरायचा रिव्हर्समध्ये, हा जुना नियम आम्ही सिस्टीम आल्यावर उलट जास्त कडक केला. बॅटरीच्या गाड्यांवर हाच प्रकार कितीतरी छान चालतो. तिथे कंट्रोलरलाच वेग कळवला जातो आणि मोटर स्वतःच गाडीला धरून ठेवते. नवीन गाड्या घ्यायच्या असतील तर हा मुद्दा जरूर मोजा.

सुरुवातीला इंजिनिअरने लाल टप्प्यात, म्हणजे माणूस अगदी जवळ आला की, वेग एकदम तोडायचं सेटिंग ठेवलं होतं. चौथ्या दिवशी गाडीला हिसका बसला आणि पॅलेटवरच्या बिनचा (सुट्या भागांच्या खोक्यांचा) वरचा थर पुढे घसरून खाली आला. पुढे माणूस नव्हता, हे नशीब. फोर्कलिफ्टचा सगळा तोल पुढच्या चाकांवर तोललेला असतो. माल पुढे, काउंटरवेट मागे. झटक्यात थांबवलीत तर माल तरी सुटतो, नाहीतर मागची चाकं उचलतात. आता वेग दोन टप्प्यांत हळूहळू उतरतो. माल धरल्यावर फोर्क जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचे, यावर मी अजूनही रोज ओरडतो. कुठलीही सिस्टीम ते काम करत नाही.

फेऱ्या कमी होतील अशी डिस्पॅचला भीती होती. आम्ही फेऱ्यांची रोज नोंद ठेवतो, त्यात काही फरक पडला नाही. वेळ पळण्यात जात नाही, डॉकवर ट्रक लागायची वाट बघण्यात जातो. हे कागदावर दिसल्यावर तक्रार बंद झाली.

एक फायदा मात्र कुणी सांगितला नव्हता. माणूस किती वेळा आणि कुठे गाडीच्या फार जवळ आला, याची नोंद सिस्टीम ठेवते. मला वाटत होतं की मधल्या क्रॉसिंगला सगळ्यात जास्त धोका असेल, तिथेच मी गोल आरसा लावला होता. नोंद उघडली तर ढीग चार्जिंगच्या जागेशेजारी. तिथे पाण्याचा कूलर आहे. दुपारी तीनला शिफ्ट बदलताना येणारे-जाणारे दोघेही तिथे बाटल्या भरायला उभे राहतात आणि त्याच वेळी बॅटरीच्या गाड्या चार्जिंगला येतात. कूलर हलवून कॅन्टीनच्या भिंतीला नेला. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. तिथल्या नोंदी जवळजवळ बंद झाल्या.

पावसाळ्यात टॅगचा त्रास झाला. लोक रेनकोटच्या आत, कधी पँटच्या मागच्या खिशात टॅग ठेवत. शरीरात पाणी असतं आणि ते या लहरी अडवतं. माणूस गाडीकडे छाती करून असेल आणि टॅग पाठीमागे, तर अंतर आहे त्याहून जास्त दिसतं, म्हणजे इशारा उशिरा येतो. आम्ही टॅग हेल्मेटला मागे क्लिपने लावायला सुरुवात केली, तेव्हापासून बरं चाललंय. चार्जिंगचा स्टँड पंचिंग मशीनजवळच ठेवा, नाहीतर टॅग लॉकरमध्ये पडून राहतात.

सोबत घेतलेले निळे स्पॉटलाइट स्वस्त आणि कामाचे. गाडीच्या पुढे जमिनीवर निळा ठिपका सरकताना दिसला की माणूस आपसूक थांबतो. डॉकच्या दारात भर उन्हात मात्र ठिपका दिसत नाही.

सगळ्यात मोठं भोक अजून बुजलेलं नाही. बाहेरून येणारे ट्रक ड्रायव्हर आणि क्लीनर. टॅग नाही म्हणजे सिस्टीमसाठी तो माणूस नाहीच. दोन गाड्यांना मागे माणूस ओळखणारा कॅमेरा लावलाय. त्याला टॅग लागत नाही, पण जे दिसतं तेवढंच त्याला कळतं. कोपऱ्यापलीकडे तो आंधळा. दिवसा गेटवर लायसन्स ठेवून घेऊन टॅग देतो, ते जमतंय. रात्री गेटवर एकटा वॉचमन असतो, रजिस्टर, सील, वजनाची पावती सगळं तोच बघतो, आणि टॅग ड्रॉवरमध्येच राहतात. दुसऱ्या माणसासाठी मी अर्ज दिलाय. तो मिळेपर्यंत रात्री अकरानंतर डॉकच्या बाजूला सगळ्या गाड्या ५ वरून ३ वर आणून ठेवल्या आहेत.